‘ओ’ म्हणजे शून्य नव्हे

रक्तगटांचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर एक तक्ता काढतो. तांबड्या पेशींवर ‘ए’ प्रतिजन असेल तर गट ए, ‘बी’ असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि एकही नसेल तर ओ. ओ गटाच्या पेशींवर काहीच नाही, म्हणून त्या कोणालाही चालतात, हे वाक्य त्याच ओघात येते. ज्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही अशी माणसे मुंबईत सापडली आणि त्यांची हकीकत १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

तक्ता मुळात व्हिएन्नाचा. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा होता. त्याने स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले, प्रत्येकाचा रक्तरस आणि तांबड्या पेशी वेगळ्या केल्या आणि एकाचा रक्तरस दुसऱ्याच्या पेशींत मिसळून पाहिला. काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले, काहींत झाले नाहीत. (हे पुंजके म्हणजे रक्त गोठणे नव्हे; विद्यार्थी इथे हमखास घोटाळा करतात. गोठताना फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे बनते, तर पुंजके बांधण्याचे काम रक्तद्रवातील प्रतिपिंडांचे.) त्याला ए, बी आणि सी असे तीन गट दिसले. डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांना चौथा, म्हणजे एबी, १९०२ मध्ये सापडला. ‘सी’चा पुढे ‘ओ’ झाला. जर्मन भाषेत तर तो आजही शून्य असाच वाचतात. या पेशी कोऱ्या आहेत हे जणू नावातच गृहीत धरलेले होते.

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यासमोर आलेल्या रुग्णांपैकी एक रेल्वे अपघातात जखमी झालेला, दुसरा भोसकला गेलेला. दोघांच्या पेशींचे ए-विरोधी किंवा बी-विरोधी रक्तरसात पुंजके होईनात. म्हणजे तक्त्यानुसार गट ओ. पण ओ गटाच्या दात्यांच्या पेशी त्यांच्या रक्तरसात घातल्या की लगेच पुंजके. असेच रक्त आणखी एका व्यक्तीचे निघाले. ‘लॅन्सेट’मधील टिपणावर भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांच्याबरोबर लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांची नावे आहेत. यांतल्या मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी ओ गटाच्या पेशींवरील एका पदार्थाला ‘एच’ असे नाव १९४८ मध्येच दिले होते. मुंबईच्या या माणसांत नेमका तोच नव्हता.

तांबड्या पेशीच्या आवरणातून शर्करांच्या साखळ्या बाहेर आलेल्या असतात. त्यांच्या टोकाशी फ्यूकोज ही शर्करा जोडली गेली की एच तयार होतो. ए किंवा बी जनुकामुळे बनलेले विकर या एचवर आणखी एक शर्करा बसवते. ओ गटात हे विकर कामच करत नाही, म्हणून एच तसाच राहतो. म्हणजे ओ गटाच्या पेशी कोऱ्या नसतात, उलट सर्वांत जास्त एच त्यांच्यावरच असतो. मुंबईच्या रक्तात फ्यूकोज जोडणारे विकरच निकामी. खुंटीच नसेल तर टोपी टांगणार कशाला? एच नाही म्हणून ए नाही आणि बीही नाही. अशा माणसाच्या रक्तद्रवात तिघांविरुद्धही प्रतिपिंडे असतात. एबीओपुरते बोलायचे तर याच्या पेशी कोणालाही चालतील, पण याला मात्र स्वतःच्या गटाखेरीज कोणाचेही रक्त चालत नाही. ओ समजून बाटली लावली तर त्या पेशी शरीरात फुटतात आणि प्राणावर बेतते. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, गटाचे नाव मात्र ‘बॉम्बे’च राहिले आहे.

याचा दुसरा धागा घरापर्यंत पोचतो. एचचे जनुक १९ व्या गुणसूत्रावर, ए-बी-ओचे नवव्यावर. दोन्ही स्वतंत्रपणे वारशाने येतात. त्यामुळे बॉम्बे गटाच्या आईकडे बीचे जनुक शाबूत पण मुके असू शकते. वडिलांचा गट ओ असला, तरी त्यांच्याकडून एचचे चांगले जनुक मिळालेल्या मुलात ते बोलू लागते. आईच्या चाचणीत ओ, वडील ओ आणि मूल बी! तक्ता म्हणतो, अशक्य. फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतील एका कुटुंबात असाच मुका बी दाखवून दिला. आईवडिलांचे रक्तगट लिहून आणा, असा गृहपाठ आपण देतो तेव्हा हे ठाऊक असलेले बरे. एखादे उत्तर तक्त्यात बसले नाही तर वर्गात भलता तर्क करू नये; मुलाच्या मनाला तो कायमचा लागू शकतो.

भारतात दहा हजारांत साधारण एक माणूस या गटाचा असतो. युरोपात दहा लाखांत एखादा. नुसत्या पेशी तपासल्या तर तो ओ म्हणूनच निघतो. म्हणून रक्तपेढीत उलटी चाचणीही करतात: रुग्णाचा रक्तरस ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींत मिसळतात. ओच्या नळीतही पुंजके दिसले की पुढचा शोध सुरू होतो. शीतपेटीत पेशी सुमारे सहा आठवडेच टिकतात, त्यामुळे इतके दुर्मीळ रक्त सहसा साठ्यात नसते. दात्यांच्या याद्या ठेवाव्या लागतात आणि एकासाठी कधी कधी दुसऱ्या राज्यातून माणूस बोलवावा लागतो.