पोकळीचे माप

फोंडा महालात चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी पट्ट्यांची चौकट छताला टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, रानफळे लटकवितात. पट्टी लांब घेतली तर चौकटीतील घर मोठे होते, आखूड घेतली तर लहान. गाठ मात्र तीच. रेणूंच्या बाबतीत एवढे साधावयास रसायनशास्त्रज्ञांना पाव शतक लागले.

१९७४ साली मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉब्सन हे विद्यार्थ्यांसाठी अणूंचे लाकडी गोळे करवीत होते. गोळ्यांना भोके कोठे पाडावयाची हे ठरविताना त्यांच्या ध्यानात आले, की साऱ्या रचनेचा आकार त्या भोकांच्या जागांतच दडलेला आहे. पंधरा वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांनी तांब्याच्या आयनांना चार बाहूंचा सेंद्रिय रेणू जोडला. हिऱ्याच्या घडणीची, पण आतून ऐसपैस अशी जाळी तयार झाली. धातू ही तिची गाठ आणि सेंद्रिय रेणू ही पट्टी. या पट्टीला लिगँड म्हणतात. जाळी मात्र नाजूक, सहज ढासळणारी. रिकामी पोकळी टिकणारच नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते.

१९९७ मध्ये जपानच्या सुसुमु कितागावा यांनी वायू आत घेऊन पुन्हा सोडणारी जाळी केली. १९९९ मध्ये अमेरिकेत ओमर याघी यांनी जस्ताला टेरेफ्थॅलिक आम्लाची जोड दिली. हे आम्ल काही दुर्मिळ नव्हे. पॉलिएस्टर त्यापासूनच होते. ही जाळी रिकामी करून ३०० अंशांपर्यंत तापविली तरी मोडली नाही.

खरी कसोटी २००२ साली लागली. गाठ तीच ठेवून याघींच्या चमूने केवळ लिगँड बदलले आणि एकाच घडणीच्या सोळा जाळ्या केल्या. एका बेंझिन वलयाच्या जागी दोन, मग तीन, पोकळी ३.८ अँगस्ट्रॉमपासून २८.८ अँगस्ट्रॉमपर्यंत गेली. (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) पण लांब बाहूंचा एक उपद्रव असतो: पहिल्या जाळीच्या पोटात दुसरी जाळी वाढते आणि मिळविलेली जागा खाऊन टाकते. त्यावर द्रावण विरळ ठेवण्याची युक्ती निघाली. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जस्ताची ती जाळी हवेतील ओलाव्यानेच बिघडते. कोकणगोव्याच्या पावसाळ्यात तिचा काय निभाव लागणार! याघींच्या हाताखाली काम केलेले राहुल बॅनर्जी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. तेथे २०१२ मध्ये त्यांच्या चमूने धातू वगळून निव्वळ सेंद्रिय जाळी विणली. घटक असे निवडले, की जोड बसताच हायड्रोजनचा अणू जागा बदलतो आणि जोड पुन्हा उसवत नाही. उकळत्या पाण्यात व तीव्र आम्लातही ती जाळी टिकली.