लॉकहार्टचं मैदान आणि उतारवयातले तारे

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये १९५९ साली लॉकहार्ट स्टेडियम बांधलं गेलं ते शाळांच्या सामन्यांसाठी. पुढे तिथे व्यावसायिक फुटबॉलचे अनेक क्लब आले आणि गेले. त्यांतल्या तीन क्लबांनी आपली भिस्त कारकीर्द उताराला लागलेल्या जगप्रसिद्ध खेळाडूंवर ठेवली. या तिघांची हकिगत एकापुढे एक मांडली, की अमेरिकी फुटबॉलमधल्या पगारमर्यादेचा सगळा इतिहास समोर येतो.

पहिला क्लब स्ट्रायकर्स. १९७७ मध्ये त्याच्या गोलजाळ्यापुढे उभा होता इंग्लंडचा विश्वविजेता गोलरक्षक गॉर्डन बँक्स. १९७२ च्या मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती आणि वय ३९ झालं होतं. एका डोळ्याने चेंडूच्या अंतराचा अंदाज घेणं किती अवघड असतं, हे कुठलाही गोलरक्षक सांगेल. तरीही त्या हंगामात नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक तोच ठरला. त्याच्या पाठोपाठ जॉर्ज बेस्ट आला. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीचा विजयी गोल करणारा गेर्ड म्युलर १९७९ मध्ये आला, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.

ही वाट पाडली होती न्यूयॉर्क कॉसमॉसने. वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या पैशावर त्यांनी जून १९७५ मध्ये ३४ वर्षांच्या पेलेला करारबद्ध केलं. त्याचा पहिला सामना रँडल्स आयलंडवरच्या ज्या मैदानात झाला, तिथे गवत इतकं विरळ होतं की दूरचित्रवाणीवर बरं दिसावं म्हणून जमिनीला हिरवा रंग फवारावा लागला. दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९७७ रोजी, कॉसमॉस आणि स्ट्रायकर्स यांचा सामना बघायला जायंट्स स्टेडियममध्ये ७७,६९१ प्रेक्षक आले. कॉसमॉसने तो ८-३ असा जिंकला. पुढच्याच महिन्यात पेले कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध उतरला, तो याच कॉसमॉसकडून.

पण वॉर्नरसारखी तिजोरी प्रत्येक मालकाकडे नव्हती. ऐन भरात लीगमध्ये २४ संघ होते. मोठ्या नावांची बरोबरी करायच्या नादात एकेक संघ कर्जात रुतत गेला. १९८३ नंतर स्ट्रायकर्सनी फोर्ट लॉडरडेल सोडून मिनेसोटा गाठलं आणि १९८४ चा हंगाम लीगचा अखेरचा ठरला.

१९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली ती या दिवाळखोरीचा धसका घेऊनच. खेळाडूचा करार क्लबशी नव्हे, थेट लीगशी. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा. आयपीएलच्या लिलावात संघाला ठरलेल्या रकमेतच सगळा चमू बसवावा लागतो. तसाच हा हिशेब, पण रक्कम फारच तुटपुंजी. १९९७ मध्ये खेळाडू या व्यवस्थेविरुद्ध न्यायालयात गेले. क्लब आपसांत स्पर्धाच करत नाहीत, म्हणून आमचे पगार दबून राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर २००० मध्ये ज्यूरीने लीगच्या बाजूने कौल दिला आणि २००२ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. मर्यादा कायद्याच्या कसोटीला उतरली.

मात्र मर्यादा पाळली म्हणून संघ तगतोच असं नाही. लॉकहार्टवरचा दुसरा क्लब, मायामी फ्यूजन, १९९८ मध्ये उतरला तो पिंगट कुरळ्या केसांच्या कोलंबियन कार्लोस वाल्दर्रामाला घेऊन. वय ३६. २००१ मध्ये फ्यूजनने साखळीत अव्वल ठरून सपोर्टर्स शील्ड जिंकली आणि जानेवारी २००२ मध्ये लीगने तोट्यापायी हा क्लबच बंद केला. लीगमध्ये दहा संघ उरले.

म्हणजे उधळपट्टीने एक लीग बुडाली होती आणि काटकसरीने दुसरीला प्रेक्षक मिळत नव्हते. यातून २००७ मध्ये नवा नियम निघाला. क्लबने एखादा ‘डेझिग्नेटेड प्लेयर’ घ्यावा, त्याच्या पगारातले फक्त ४ लाख डॉलर मर्यादेत धरावेत आणि वरचा पैसा मालकाने पदरचा द्यावा. नियम झाला डेव्हिड बेकहॅमसाठी आणि ओळखला गेला त्याच्याच नावाने. लॉस एंजेलिस गॅलेक्सीत बेकहॅमचा वार्षिक पगार ६५ लाख डॉलर होता. अख्ख्या संघाची मर्यादा साधारण २१ लाख. त्याच ड्रेसिंग रूममध्ये ज्येष्ठ खेळाडूचा किमान पगार वर्षाला ३० हजार डॉलर होता, तर उमेदवारी करणाऱ्या पोरांच्या हाती १२,९०० पडत. पहिली दोन्ही वर्षं गॅलेक्सी बाद फेरीतही पोहोचला नाही. एका ताऱ्याभोवती बाकीचा संघ उरलेल्या पैशात उभा करायचा, तर दुसरं काय होणार? पुढे नियम सैल झाला, अशा खेळाडूंची संख्या वाढली, रॉबी कीन आला आणि २०११ व २०१२ मध्ये गॅलेक्सीने विजेतेपद मिळवलं.

ही कल्पना आपल्याकडेही पोहोचली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने प्रत्येक संघाला एक ‘मार्की’ खेळाडू घेणं बंधनकारक केलं. चाळिशीचा रॉबर्ट पिरेस एफसी गोवाकडून खेळला, दाविद त्रेझेगे पुण्याकडून आणि फ्रेडी ल्युंगबर्ग मुंबईकडून. २०१६ मध्ये ३७ वर्षांचा दिएगो फोर्लान मुंबई सिटीत आला. पुढच्याच हंगामात ही सक्ती उठली.

बेकहॅमच्या करारात आणखी एक कलम होतं: निवृत्तीनंतर अडीच कोटी डॉलरमध्ये लीगचा नवा संघ विकत घेण्याचा हक्क. त्या हक्काच्या बळावर इंटर मायामी जन्माला आला. जुनं लॉकहार्ट २०१९ मध्ये पाडून त्याच जागेवर नवं स्टेडियम बांधलं गेलं आणि २०२० मध्ये तिसरा क्लब तिथे खेळू लागला.

आणि पहिल्याच हंगामात तो नियमात अडकला. ३३ वर्षांच्या ब्लेझ मातुइदीची गणना डेझिग्नेटेड प्लेयरमध्ये व्हायला हवी होती. क्लबने तसं दाखवलंच नव्हतं. मे २०२१ मध्ये लीगने क्लबला २० लाख डॉलर आणि मालक होर्हे मास यांना अडीच लाख डॉलर दंड केला. पण डेझिग्नेटेड प्लेयरच्या ठरलेल्या तीन जागांचं गणित जुळवताना किंमत मोजली ती २१ वर्षांच्या मातियास पेलेग्रिनीने. क्लबने त्याचा करार मोडून त्याला मोकळं केलं आणि अर्जेंटिनाहून मोठ्या अपेक्षेने आणलेला हा पोरगा खालच्या श्रेणीतल्या लीगमध्ये जाऊन पडला.

जुलै २०२३ मध्ये याच मैदानावर ३६ वर्षांचा लिओनेल मेस्सी उतरला. क्रुझ अझुलविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात ९४ व्या मिनिटाला त्याची फ्री किक जाळ्यात विसावली. खेळाडू संघटनेने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या यादीत त्याचं हमीचं मानधन २ कोटी ४ लाख डॉलर होतं. तेव्हा संघाची मर्यादा होती ५२ लाख १० हजार आणि मेस्सीसारख्या खेळाडूच्या नावे तीत पूर्ण हंगामासाठी जास्तीत जास्त ६ लाख ५१ हजार २५० धरले जात. ज्येष्ठ खेळाडूचा किमान पगार ८५,४४४ डॉलर होता.

मेस्सीला हे पैसे मिळू नयेत असं कोणी म्हणणार नाही. तो ते कमावतो आणि इतरांनाही कमावून देतो. खटकतं ते वेगळंच आहे. मोठा खेळाडू हवा असला की दर वेळी नियमाला नवी पुरवणी जोडली गेली, पण जो बचावपटू त्याच्यासाठी नव्वद मिनिटं धावतो त्याचा पगार त्याच जुन्या मर्यादेत राहिला. १९८४ ची भीती तेव्हा रास्त होती. आता क्लब कोट्यवधी डॉलरना विकले जातात आणि तरी तिचा भार फक्त या खेळाडूंवर आहे. संघटनेचा लीगशी असलेला करार जानेवारी २०२८ अखेर संपतो. नव्या कराराच्या वाटाघाटींत पुढच्या ताऱ्याची सोय बघण्याआधी मूळ मर्यादा आणि किमान पगार हे दोन आकडे टेबलावर यायला हवेत.