शिवालिकमधली हाडं आणि दोन दोस्त

चंडीगडच्या सुखना तलावाकाठी उभं राहिलं की समोर शिवालिकच्या ठेंगण्या टेकड्या दिसतात. याच डोंगररांगेत हाडं शोधत हिंडलेल्या दोन मित्रांची गोष्ट आज मी सांगणार आहे.

पहिला ह्यू फाल्कनर. स्कॉटलंडचा डॉक्टर, वनस्पतींचा वेडा. १८३२ मध्ये तो सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख झाला. दुसरा प्रोबी कॉटली, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तोफखान्यातला अधिकारी, पण नेमणूक यमुनेच्या कालव्यावर. हाडं शोधणं हे दोघांपैकी कुणाच्याच नोकरीचं काम नव्हतं.

फाल्कनरला एक धागा मिळाला तो आपल्या दख्खनमधून! विजापूरच्या आदिलशाहीत बसून फिरिश्त्याने इतिहास लिहिला. त्यात नोंद आहे की फिरोजशाह तुघलकाच्या कालव्यासाठी सरहिंदकडे टेकडी खोदताना प्रचंड हाडं निघाली. काही हत्तींची, काही माणसांची म्हणे. माणसाच्या हाताचं हाड तीन गज लांब! हे सरहिंद चंडीगडहून जेमतेम तासाभराच्या वाटेवर आहे. फाल्कनरने ही दंतकथा म्हणून सोडून दिली नाही.

हाडं सापडली, पण ओळखायची कशी? जवळ ना संग्रहालय, ना पुरेशी पुस्तकं. मग दोघांनी आजूबाजूच्या रानातल्या जिवंत प्राण्यांचे सांगाडे तयार केले आणि एकेक हाड त्यांच्याशी ताडून पाहिलं. त्यातून जिराफाच्या कुळातला, हत्तीसारखा धिप्पाड प्राणी उभा राहिला. १८३६ मध्ये त्यांनी त्याला शंकराचं नाव दिलं: शिवाथेरियम, म्हणजे शिवाचा पशू. निबंधावर नावं दोघांची. १८३७ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेचं वोलास्टन पदकही दोघांना मिळून मिळालं.

त्याच शतकात अमेरिकेत कोप आणि मार्श हे असेच दोन मित्र होते. दोघांनी एकमेकांची नावं जीवाश्मांना दिली आणि पुढे श्रेयासाठी आयुष्यभराचं वैर धरलं. इथे तसं झालं नाही. कॉटलीने आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. तिथली शिवालिकची हाडं लावून ठेवली फाल्कनरने. त्यांचा मोठा सचित्र ग्रंथ मात्र अपुराच राहिला. फाल्कनर कलकत्त्याच्या बागेकडे गेला, कॉटली गंगेच्या कालव्याकडे. तो कालवा १८५४ मध्ये सुरू झाला.

मला या मैत्रीचं कौतुक आहे, पण एक गोष्ट खटकते. श्रेय दोघांत वाटलं गेलं, ते दोघांपाशीच थांबलं. दगड फोडणारे, हाडं वाहून आणणारे इथले हात त्या पदकावर नाहीत. हाडंही बरीचशी लंडनला गेली.

तरी सगळं संपलेलं नाही. नाहनजवळ सुकेतीला जीवाश्म उद्यान आहे. चंडीगडला आलात तर रॉक गार्डन बघाच, पण एक दिवस सुकेतीसाठी राखून ठेवा. मुलांना बरोबर न्या आणि शिवाथेरियमचं नाव कुणी ठेवलं, ते त्यांना सांगा. भेटू पुढच्या भागात!