जनरेटर घराला जोडताय? आधी न्यूट्रल आणि अर्थिंग समजून घ्या

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडे उलटले तरी लाईट नव्हती. श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावात काकांनी भाड्याने पोर्टेबल जनरेटर आणला. ओटीवर अख्ख्या वाडीचे मोबाईल चार्जिंगला! मग काकांना वाटलं, जनरेटर घरातल्या सॉकेटलाच लावला तर विहिरीवरचा पंपही चालेल. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर तयारही झाली. तेवढ्यात लाईन तपासायला आलेल्या वायरमनने ती पाहिली. म्हणाला, "काका, मी खांबावर असताना हे चालू केलंत तर?"

मी इंजिनिअर, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. नंतर शिकलो ते इथे सांगतो.

उलटी वीज

गावातला ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्टचे घरगुती व्होल्ट करतो. पण तो उलटाही चालतो. मेन स्विच चालू राहिला आणि जनरेटरचे 230 व्होल्ट मागे गेले, तर "बंद" लाईनवर सुमारे 10,000 व्होल्ट येऊ शकतात. शिवाय त्या वायरचा मोकळा प्लग हातात आला की थेट शॉक.

उपाय एकच: चेंजओव्हर स्विच. एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, दोन्ही एकदम कधीच नाही. तो डबल पोल घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलतो.

न्यूट्रल कुठे बांधलाय?

महावितरणच्या पुरवठ्यात न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. फ्रिजच्या बॉडीत फेज उतरला, की करंट अर्थिंगमधून जमिनीत जातो आणि तिथून ट्रान्सफॉर्मरला परततो. गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही, म्हणून 30 मिलीअँपचा आरसीसीबी ट्रिप होतो.

बऱ्याच लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो. डबल पोल चेंजओव्हरने ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रलही तुटला, की जमिनीतून परतायला वाटच उरत नाही. पंपाच्या बॉडीत फेज उतरला तरी आरसीसीबी गप्प. मग घरात दुसरीकडे न्यूट्रल ओल्या भिंतीला टेकला, की पंपाला हात लावणारा माणूस सर्किट पूर्ण करतो. जाणारा-येणारा करंट मात्र आरसीसीबीतून सारखाच, म्हणून तो तेव्हाही पडत नाही.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे टेस्ट बटण. ते फक्त फेज आणि न्यूट्रल वापरतं, त्यामुळे अर्थिंग नसलं तरी ट्रिप होतं. बटण चाललं म्हणजे संरक्षण आहे असं नाही.

मग करायचं काय?

- जनरेटरपाशी, आरसीसीबीच्या आधी, न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे आणि ती वायर घराच्या अर्थिंगला न्यायची.
- ही जोडणी एकाच ठिकाणी. आरसीसीबीच्या पुढे घरात कुठेही न्यूट्रल-अर्थ एकत्र नको.
- चेंजओव्हर फक्त फेज बदलत असेल, तर न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरला जोडलेलाच राहतो. तेव्हा जनरेटरवर दुसरी जोडणी करू नका, आधी स्विच बदला.
- काही जनरेटरमध्ये ही जोडणी कंपनीनेच केलेली असते. इन्व्हर्टर प्रकारात तर मॅन्युअल वाचल्याशिवाय हात लावू नका.
- खाऱ्या हवेत अर्थिंगचे सांधे गंजतात. पावसाळ्याआधी तपासून घ्या.

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे. तुम्ही एवढंच करा: जनरेटर चालू असताना त्याला मल्टीमीटर लावायला सांगा. फेज-अर्थ सुमारे 230 आणि न्यूट्रल-अर्थ शून्याच्या जवळ दिसलं पाहिजे. आकडे भलतेच आले तर न्यूट्रल तरंगतोय किंवा अर्थिंग तुटलंय.

जनरेटर घराबाहेर मोकळ्यावर, खिडकीपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाने कळत नाही.

काकांनी ती वायर त्याच दिवशी कापली. पुढचे काही दिवस आम्ही विहिरीतून कळशीने पाणी काढलं. मोबाईल मात्र जनरेटरच्या स्वतःच्या सॉकेटवर चार्ज होत राहिले.