टर्बोचा लगाम

गाडीच्या मागे ‘टर्बो’ ही अक्षरं दिसली, की आपल्या मनात पहिल्यांदा वेग येतो. टर्बोचा इतिहासही बहुधा वाढत्या ताकदीचाच सांगितला जातो. मला मात्र आज त्याची दुसरी बाजू सांगायची आहे. इंजिनात दाब वाढवणं एकवेळ सोपं होतं. तो हवा तिथे थांबवणं अवघड होतं आणि ते साधायला जवळजवळ पाऊण शतक लागलं.

मूळ कल्पना साधी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराबरोबर बरीच शक्ती वाया जाते. त्या झोतावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं आणि त्याच्याकडून इंजिनात जास्त हवा कोंबायची. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. पण गोम अशी, की जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त इंधन म्हणजे जास्त धूर आणि जास्त धूर म्हणजे चक्र आणखी जोरात. याला आवर घातला नाही, तर पेट्रोल इंजिनात मिश्रण अवेळी भडकतं, इंजिन ठोकू लागतं आणि शेवटी पिस्टन निकामी होतो. म्हणून धुराच्या वाटेवर एक छोटं दार ठेवतात. दाब पुरेसा झाला, की ते उघडतं आणि उरलेला धूर चक्राला बगल देऊन निघून जातो. या दाराचं नाव वेस्टगेट.

सुरुवातीला हे दार माणसाच्या हाती होतं. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर टर्बो लावलेलं विमानाचं इंजिन चालवून दाखवलं. विरळ हवेतही त्याची ताकद टिकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बॉम्बफेकी विमानाच्या चारही इंजिनांना टर्बो होते. त्यांची दारं आधी तेलाच्या दाबावर हलत. उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत नळ्यांतलं तेल घट्ट होई आणि वैमानिकाने दांडा सरकवला तरी दार वेळेवर हलत नसे. नंतर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं आणि चारही इंजिनांना एकच बटण पुरलं. टर्बो धडधाकट होता. अडचण होती ती त्याला निरोप पोहोचवणाऱ्या नळीत. हा धडा गॅरेजमध्ये आजही उपयोगी पडतो.

१९६२ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने टर्बोच्या दोन मोटारी बाजारात आणल्या. दोघींनी लगाम वेगवेगळ्या रीतीने घातला. ओल्ड्समोबाइल जेटफायरला वेस्टगेट होतं; शिवाय इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण आत फवारलं जाई. त्याची टाकी मालकाने भरायची. ती रिकामी झाली, तर दुसरी एक झडप मिटून दाब कमी ठेवी. कित्येक मालक टाकी भरायला विसरत आणि गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करत. वास्तविक गाडी स्वतःला वाचवत होती!

दुसरी गाडी शेव्हरोलेची कॉर्व्हेर मोन्झा स्पायडर. तिला वेस्टगेटच नव्हतं. सायलेन्सरच्या अडथळ्यानेच दाब मर्यादेत राही. साहजिकच कुणी हौसेने मोकळा सायलेन्सर बसवला, की दाबही वर चढे.

मोटारींच्या बाबतीत मोठी मजल मारली स्वीडनच्या साबने. १९७७ मध्ये त्यांनी ९९ टर्बो लोकांसमोर आणली. छोटा टर्बो, बेताचा दाब आणि रोजच्या रस्त्यावर उपयोगी पडेल अशी ताकद, हे तिचं सूत्र होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने इंजिनाला जणू कान दिले. ठोकण्याचा आवाज एक सेन्सर टिपे आणि विजेचा व्हॉल्व लगेच दाब उतरवी. पेट्रोल हलकं मिळालं, तरी इंजिन स्वतःला सांभाळून घेई.

आज भारतात छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो असतो आणि त्यात फेरफार करून ताकद वाढवण्याची हौसही आहे. अशा गाडीचा दाब बिघडला, की मालक आधी नवा टर्बो मागतो. माझं सांगणं असतं, आधी नळ्या पाहा. बऱ्याच गाड्यांत वेस्टगेटमागे स्प्रिंगचा पडदा असतो आणि त्याला दाबाची बातमी एका बारीक रबरी नळीतून कळते. ती फाटली किंवा निसटली, तर बातमी पोहोचत नाही, दार मिटलेलंच राहतं आणि दाब भलताच चढतो. उलट, टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा जाड पाइप फुटला किंवा दार उघडं अडकलं, तर दाब कमी पडतो.

मग एक सोपी परीक्षा. बाहेरून बसवलेला बूस्ट कंट्रोलर बाजूला करून नळी थेट पडद्याला जोडायची, दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची आणि काटा मर्यादेपलीकडे जाऊ लागला, की लगेच अॅक्सिलरेटर सोडायचा. दाब स्प्रिंगच्या ठरलेल्या आकड्यावर स्थिरावला, तर दोष कंट्रोलरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. तरीही कमी राहिला, तर गळती किंवा अडकलेलं दार शोधायचं. आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतच गेला, तर मोकळ्या सायलेन्सरपुढे दार अपुरं पडतंय असं समजायचं. म्हणजे १९६२ ची कॉर्व्हेरच पुन्हा दारात उभी!

ताकद वाढवणारे काही कंट्रोलर मुळात काय करतात? नळीतला थोडा दाब बाहेर सोडून पडद्याला खोटी बातमी देतात. ‘अजून दाब कमी आहे’ असं समजून दार उशिरा उघडतं. हे नेमक्या मापाने आणि इंजिनाचे कान शाबूत ठेवून केलं, तर गाडी पळते. काट्याशिवाय, केवळ अंदाजाने केलं, तर त्या खोट्या बातमीची किंमत पिस्टनला मोजावी लागते. म्हणून ताकद वाढवायची हौस असेल, तर पहिला खर्च दाब दाखवणाऱ्या काट्यावर करावा आणि दुसरा चांगल्या नळ्यांवर. टर्बोचा विचार त्यानंतर.