होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हा मध्य प्रदेशातील इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी १९७२ ते २००२ या काळात राबविण्यात आलेला, प्रयोगांवर आधारित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम होता. सुसज्ज प्रयोगशाळा नसलेल्या ग्रामीण सरकारी शाळांतील मुलेही वैज्ञानिक पद्धतीने विचार करू शकतात, हे त्याचे मूळ गृहीतक होते.

इतिहास

किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी राज्य शासनाच्या परवानगीने तत्कालीन होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत हा उपक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ व दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक यांचे त्यास साहाय्य लाभले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली.

अध्यापनपद्धती

विद्यार्थी चार-चार जणांच्या गटांत प्रयोग करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात प्रयोगाची कृती व प्रश्न असत. निष्कर्ष मात्र आयते दिलेले नसत. निरीक्षणे वहीत नोंदवून, गटागटांच्या नोंदींची तुलना व चर्चा करून विद्यार्थी निष्कर्षापर्यंत पोहोचत. तुलनेसाठी एका वेळी एकच घटक बदलणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, बी रुजण्यास पाणी लागते का हे पाहताना एकाच प्रकारच्या बिया एकाच जागी दोन भांड्यांत ठेवून फक्त एका भांड्यात पाणी घालावे लागते. भांड्यांच्या जागाही वेगवेगळ्या असल्यास फरक पाण्यामुळे पडला की उजेडामुळे, हे सांगता येत नाही.

महागड्या उपकरणांऐवजी परिसरातील वस्तू वापरण्यावर भर होता. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरला जाई. मुलांचे प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने विचारता येत.

मूल्यमापन

लेखी परीक्षेत पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मुभा होती. प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली जाई. त्यामुळे पाठांतरापेक्षा तर्क व कौशल्य यांना महत्त्व आले.

महाराष्ट्राशी संबंध

पुण्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये या उपक्रमात सहभागी झाले. तेथेच त्यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून भौमितिक आकृत्या तयार केल्या. पुढे त्यांनी पुण्यातील आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात काम केले.

समाप्ती

२००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. या निर्णयास अनेक शास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञांनी विरोध दर्शविला होता.