जबलपूरचे मणके : एका खंडित अवशेषाची ओळख

इ. स. १८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यास जबलपूरनजीकच्या बडा शिमला टेकडीत काही अश्मीभूत अस्थी आढळल्या. त्यांतील शेपटीचे मणके पुढे डॉ. स्पिल्सबरी याच्यामार्फत कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे पोहोचले. ‘डायनोसॉर’ या शब्दास आधारभूत असलेली संज्ञाच रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये घडविली. तेव्हा या मणक्यांची खरी ओळख त्या काळी पटणे शक्यच नव्हते.

प्रिन्सेपचा येथील संबंध सूचक आहे. सांचीच्या अनेक लहान लेखांच्या अखेरीस येणारी समान अक्षरे ‘दानं’ अशी वाचून त्याने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. एकच लेख हाती असता, तर ही पुनरावृत्ती दिसली नसती. तुटक अस्थींचे वाचनही असेच तुलनेवर अवलंबून असते. आणि जबलपूरच्या मणक्यांना तुलनेसाठी सजातीय अवशेष उपलब्ध नव्हते.

पुढे ह्यू फाल्कनरने हे मणके सरीसृपाचे ठरविले. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही नवी प्रजाती व जाती स्थापिली. मणक्याची पुढील बाजू खोलगट व मागील बाजू फुगीर, ही त्याची मुख्य खूण होती. १८७९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील मणक्यांवरून त्याने ‘ब्लॅनफोर्डी’ ही दुसरी जाती सांगितली. जबलपूरचे मणके बाजूंनी चपटे, पिसदुऱ्याचे नळकांड्यासारखे, हा त्यांतील भेद.

तथापि तीच खूण पुढे अन्यत्रही दिसू लागली. १८९३ मध्ये अर्जेंटिनातील व १८९६ मध्ये मादागास्करमधील अवशेष याच प्रजातीत घालण्यात आले. अखेर २००३ मध्ये जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी साऱ्या जातींची फेरतपासणी केली. जी रचना लिडेकरला अनन्य वाटली, ती एका विशाल गटात सर्वसाधारण आहे, असे दिसून आल्याने त्यांनी मूळ नाव संदिग्ध ठरविले. ‘टायटॅनोसॉर’ हे गटाचे नाव मात्र टिकून राहिले.

यात लिडेकरचे निरीक्षण खोटे ठरले नाही. त्या निरीक्षणाचे प्रमाणमूल्य तेवढे बदलले. भेददर्शक खूण ही वस्तूत एकटीने वसत नाही, ती इतर वस्तूंच्या संदर्भात सिद्ध होते. म्हणूनच मूळ अवशेष जपणे अगत्याचे असते. दीर्घकाळ हरवलेला जबलपूरचा मूळ मणका २०१२ मध्ये कलकत्त्यातील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात धनंजय मोहबे व त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा गवसला. नाव संदिग्ध ठरले, तरी पुरावा पुन्हा हाती आला. आणि नव्या तुलनेस वाव राहतो तो पुराव्यामुळेच.